नऊवारीला माप नसतं: घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं वजन कसं बघायचं

माझ्या आईचं वजन आठ महिन्यांत सहा किलोनं उतरलं आणि आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते दहिवडीच्या शिंप्याच्या. घरातल्या लग्नासाठी ब्लाऊज शिवायला टाकला होता, मापाला नेहमीचा जुना दिला होता. त्यानं सहज टेप लावली आणि म्हणाला, "काकी, ह्ये माप आता तुमचं न्हाई. तीन इंच आत घ्यावं लागतंय."

आई ७६ वर्षांची. वडील गेल्यापासून माण तालुक्यातल्या आमच्या गावी एकटीच राहते. मी साताऱ्यात असतो, दर पंधरवड्याला जाऊन येतो, म्हणजे तिला डोळ्यांनी बघत होतोच. पण नऊवारीला माप नसतं. अंग उतरलं की दोन निऱ्या जास्त घालायच्या, काम भागतं. धोतराचंही तेच. शेजारणी तर कौतुक करत होत्या, "बरं झालं, गुडघ्यावरचा भार गेला." खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं होतं. तिला शुगर आहे, गुडघे धरतात, मग वजन उतरलं तर वाईट काय? चाळिशीत ठरवून उतरवलं असेल तर हा हिशेब बरोबर असतो. सत्तरीनंतर कुणी न ठरवता वजन उतरलं, तर कारण कळेपर्यंत त्याला चांगली बातमी म्हणू नये. पुढं लिहिलंय ते आम्ही काय-काय केलं, आणि आधीच काय करायला हवं होतं, त्याबद्दल.

किती उतरलं म्हणजे काळजीचं?

वर्षभराच्या आत, प्रयत्न न करता, मूळ वजनाच्या ५ टक्के उतरलं की डॉक्टरकडे जायचं. टक्के काढायला नको असतील तर वजनाला २० नं भागा. आईचं आधीचं वजन ५८ किलो. भागिले २० म्हणजे २.९. तीन किलो उतरले तेव्हाच हालचाल करायला हवी होती. आम्ही दुप्पट उतरेपर्यंत बसून होतो.

आता यातली गंमत बघा. आईची उंची १५२ सेंटिमीटर. ५८ किलोला तिचा बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, २५.१ येत होता. आपल्याकडं २३ च्या पुढं जास्त वजन आणि २५ च्या पुढं लठ्ठपणा धरतात. ५२ किलोला तो आला २२.५. भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणं आई लठ्ठ होती ती आता 'अगदी योग्य' झाली! तक्ता तिला शाबासकी देत होता आणि शिंपी धोक्याची सूचना. शिंपी बरोबर होता.

म्हाताऱ्या माणसांना तरुणांचा तक्ता जसाच्या तसा लावता येत नाही. २०१४ साली ३२ अभ्यास एकत्र करून, ६५ वर्षांवरच्या जवळपास दोन लाख लोकांची माहिती तपासली गेली. २३ ते २४ बीएमआय असलेल्यांशी तुलना केली, तेव्हा २१ ते २२ च्या गटात मृत्यूचा धोका १२ टक्क्यांनी जास्त दिसला, २० ते २१ च्या गटात १९ टक्क्यांनी. वरच्या बाजूला मात्र ३३ पर्यंत जावं तेव्हा कुठं ८ टक्क्यांची वाढ. यातले बहुतेक लोक पाश्चात्त्य देशांतले, त्यामुळं हे आकडे माण-खटावच्या म्हातारीला तंतोतंत लागू होतील असं नाही. शिवाय आजारानं माणूस बारीक होतो आणि आजारानंच जातो, तो दोष बारीकपणाच्या माथी जातो, हेही आहेच. पण म्हातारपणी थोडं अंग असणं हा गुन्हा नाही, एवढं त्यातून नक्की घ्यावं. दुखणं आलं, चार दिवस अन्न गेलं नाही, तर शरीराला खायला शिल्लक हवी.

वजनाचा आणि डोक्याचा, म्हणजे आठवणीचा, संबंध इथंच येतो. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासात १०,३०८ माणसं होती. त्यातून २०१८ मध्ये दिसलं ते असं: पन्नाशीत लठ्ठ असलेल्यांना पुढं डिमेन्शिया, म्हणजे वाढत जाणारं विस्मरण, होण्याचा धोका जास्त, पण ज्यांना तो झाला, त्यांचं वजन निदानाच्या साधारण आठ वर्षं आधीपासून इतरांपेक्षा कमी दिसू लागलं होतं. म्हणजे विसरभोळेपणा घरच्यांना दिसायच्या कितीतरी आधी काटा हलायला लागतो. भूक मंदावते, वास कळेनासा होतो, स्वयंपाकाचा क्रम चुकतो, जेवलो की नाही ते आठवत नाही. वजन उतरलेल्या प्रत्येकाला डिमेन्शिया होतो असं मुळीच नाही, बहुतेकदा कारण वेगळंच निघतं. भारतात ६० वर्षांवरच्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आढळलंय, म्हणजे दर शंभरात सात-आठ जण. घाबरून जाऊ नये, दुर्लक्षही करू नये.

काटा

उसाच्या काट्याबाबत आपल्याकडचा शेतकरी किती जागरूक असतो! ट्रॉली कारखान्यावर जायच्या आधी बाहेरच्या काट्यावर तोलून बघणारे आपण. त्यातली निम्मी जागरूकता घरच्या म्हातारीबद्दल दाखवली तरी पुरे.

घरी साधा डिजिटल काटा आणा. तो बरोबर दाखवतो का हे आधी बघा: १० किलोची न फोडलेली आट्याची पिशवी ठेवून पाहिली की समजतं. काटा शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर ठेवायचा. सारवलेली जमीन, सतरंजी, पायपुसणं यांवर ठेवला तर आकडा काहीही येतो. वजन महिन्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, अनवाणी. लुगडं असेल तर दर वेळी तशाच जाडीचं. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर रोज बघू नका, अर्धा-एक किलो असाच इकडं-तिकडं होतो आणि उगीच जिवाला घोर लागतो.

आमच्याकडं दिवस ठरलाय संकष्टीचा. तारीख आईच्या लक्षात राहत नाही, चतुर्थी राहते. आकडा कालनिर्णयवर त्याच चौकोनात लिहायचा. वहीत लिहिला तर वही हरवते. भिंतीवरचं कॅलेंडर येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो.

ज्यांना तोल सावरत नाही त्यांच्याजवळ उभं राहा, पण आकडा स्थिर होताना हात लावू नका. उभंच राहता येत नसेल तर धान्याच्या आडतीत किंवा दूध संकलन केंद्रात मोठा सपाट काटा असतो. खुर्चीसकट तोलायचं आणि खुर्चीचं वजन वजा करायचं. लोक हसतील, हसू द्या.

एक फसवणूक लक्षात ठेवा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या माणसाच्या अंगात पाणी साठतं आणि मांस झडत असतानाही आकडा तसाच राहतो. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खड्डा पडून राहिला तर ती सूज. आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, धाप लागायला लागली, तर ते अंगाला लागलेलं जेवण नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उंचीचंही असंच. मणके दबून म्हातारी माणसं खुजी होतात, त्यामुळं आजची उंची घालून काढलेला बीएमआय फुगून येतो. तरुणपणची उंची कुठल्या कागदावर असेल तर ती घ्या. नसेल तर दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटापासून मधल्या बोटापर्यंत मोजा, ती साधारण उंचीइतकी भरते.

पोटरी आणि खुर्ची

वजनातलं मांस किती आणि चरबी किती, हे काटा सांगत नाही. त्यासाठी शिंप्याची टेप पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती गुंडाळा, आवळू नका. ३१ सेंटिमीटरच्या खाली असेल तर कुपोषणाची शंका घ्यायची. आशियातल्या तज्ज्ञांनी स्नायू झडण्याच्या पहिल्या चाचणीसाठी त्याहून वरची रेघ आखली आहे: पुरुषांना ३४, बायकांना ३३. टेपही नसेल तर जपान्यांची युक्ती करा. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून पोटरीभोवती कडं करायचं. कडं सैल बसून फट राहिली तर स्नायू झडलेत असं समजायचं.

मग खुर्ची. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली. हात छातीवर घेऊन पाच वेळा उठून बसायचं. १२ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांत बळ कमी. आईला पहिल्या दिवशी १९ लागले, तेही चौथ्यांदा उठताना माझा खांदा धरून.

ताटात बघा

"जेवलीस का?" "जेवले की रं." हे आमचं फोनवरचं रोजचं संभाषण. यात खोटं काहीच नव्हतं, अर्धी भाकरी हेही जेवणच. म्हणून दोन पूर्ण दिवस सोबत राहा आणि काय पोटात जातं ते लिहून काढा. आईचं निघालं ते असं: सकाळी चहा-बटर, दुपारी एक भाकरी आणि पातळ आमटी, चारला चहा, रात्री दूध-भात. त्यातली प्रथिनं मांडली तर जेमतेम २२-२५ ग्रॅम. म्हाताऱ्या माणसाला दर किलो वजनामागं रोज १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे तिला किमान ५२.

त्या दोन दिवसांत आणखी एक गोष्ट दिसली. शेंगदाणे ती तोंडात टाकायची आणि हळूच पदराआड काढून ठेवायची. कवळी सैल झाली होती. वजन उतरलं की हिरड्याही आक्रसतात, कवळी हलते, मग चावता येत नाही, मग आणखी वजन उतरतं. असं ते चक्र. विचारलं तर म्हणाली, "तुला कशाला तरास."

आठवणीची चाचपणी, पण परीक्षा नको

घड्याळाचं चित्र काढा, शंभरातून सात वजा करा, असले प्रश्न शाळेत न गेलेल्या बाईला विचारून काही कळत नाही, उलट ती खजील होते. तिच्या जगातलं विचारा. एका मिनिटात जितकी आठवतील तितकी जनावरं सांग, हा खेळ डॉक्टरही वापरतात. आकडा लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी तिची तिच्याशीच तुलना करा. आज वार कुठला, एकादशी होऊन गेली का यायची आहे, मागच्या आठवड्यात कोण आलं होतं, हे गप्पांच्या ओघात निघतं.

त्याहून जास्त घर बोलतं. गोळ्यांच्या पाकिटात किती उरल्या? आमटीत मीठ दोनदा पडतंय का? दूध किती वेळा उतू गेलं? पोळलेल्या पातेल्यांची संख्या वाढलीय का? हिशेबाला पक्की असलेली बाई दुकानदारासमोर पैशांची मूठ उघडी धरायला लागली, तर नोंद घ्या.

दोन गोष्टींची गल्लत करू नका. ऐकू न येणारा माणूस विसराळू वाटतो, म्हणून कान आणि मोतीबिंदू आधी तपासा. कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं ही स्वतःच डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या कारणांत मोडतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये अशी १४ कारणं मांडली आणि ती सगळी सांभाळली तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असा अंदाज दिला. दुसरी गोष्ट, काल बरा असलेला माणूस आज बरळायला लागला तर तो डिमेन्शिया नव्हे. लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम उतरणं, अंगातलं पाणी कमी होणं, साखर घसरणं, असं काहीतरी असू शकतं. तेव्हा वाट न बघता दवाखाना.

डॉक्टरकडे जाताना

कालनिर्णयची ती पानं, जेवणाची नोंद, आणि घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. सगळी म्हणजे सगळी, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या आणि काढ्याच्या बाटल्यांसकट. भूक मारणारी औषधं पुष्कळ आहेत. शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीनं काहींची अन्नावरची वासना जाते आणि वर्षानुवर्षं घेतलं तर बी-१२ ही उतरतं. शुगरच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यात वजन कमी होतंच. हृदयाचं डिगॉक्सिन, डिमेन्शियाचं डोनेपेझिल यांनीही भूक जाते. स्वतःच्या मनानं काहीही बंद करायचं नाही, "यातलं कुठलं वजन उतरवतंय?" एवढाच प्रश्न विचारायचा.

तपासण्यांत साधारण हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची शुगर, थायरॉइड, बी-१२, मूत्रपिंड, यकृत, लघवी आणि छातीचा एक्स-रे येतात. टीबी आपल्याकडं अजून आहे आणि म्हाताऱ्यांत तो खोकल्याऐवजी नुसत्या वजनातून दिसू शकतो. कॅन्सरची भीती सगळ्यांना वाटते, तो शोधावाही लागतो, पण दात, औषधं, एकटेपणा आणि मनाची उदासी यांचा वाटा मोठा असतो. "झोप लागते का? कशात मन रमतं का?" हे कुणीतरी विचारायला हवं. काही जणांत सगळं तपासूनही कारण सापडत नाही. मग तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, हे ठरवूनच बाहेर पडा.

साताऱ्याला आणायचं तर ७५ पुरी झालेल्यांना एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. सांगलीकडच्यांना मिरज जवळ, तिथं दवाखान्यांची कमतरता नाही. ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर उपयोगी, या तपासण्या त्यात धरू नका. कुठं जायचं तेच कळत नसेल तर ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

आईचं निघालं ते: बी-१२ कमी, कवळी सैल, शुगरचं एक औषध बदललं. विस्मरण थोडं आहे. ते बी-१२ चं की आणखी कशाचं, हे अजून बघतोय.

भरवायचं कसं

ताट मोठं करू नका, ते बघूनच तिचं पोट भरतं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं-थोडं, आणि त्याच घासात जास्त ताकद. पातळ आमटीऐवजी घट्ट वरण, वर चमचाभर तूप. शेंगदाण्याचं मूठभर कूट दह्यात कालवून, त्यात सात ग्रॅम प्रथिनं आणि चावायची गरज नाही. खात असतील तर उकडलेलं अंडं, सहा ग्रॅम. आणि आमच्या माणदेशात म्हातारी माणसं ज्यावर वाढली ते हुलग्याचं माडगं. हुलगा भाजून दळलेल्या दोन-तीन चमचे पिठाची पातळ पेज, लसूण-जिरं आणि मीठ घालून. शुगर नसेल तर गूळ. डब्यातल्या महागड्या पावडरी आणण्याआधी हे करून बघा. पावडर वाईट नसते, पण तिच्यासाठी पेन्शन संपवू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं किती, हे डॉक्टरच ठरवतील.

उपासाचा विषय नाजूक. आईच्या महिन्यात दोन एकादशा, एक संकष्टी आणि चार सोमवार, चातुर्मासात त्यावर दिवसातून एकच वेळ जेवण. देवाशी वाद घालून कुणी जिंकत नाही. मी उपास सोडायला सांगितलंच नाही, उपासाचं ताट बदललं. साबुदाण्यात नुसता स्टार्च, प्रथिनं जवळजवळ शून्य. त्याऐवजी राजगिऱ्याची खीर, दही, दाण्याची आमटी आणि भगर, रात्री झोपताना दूध. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन कोरडा उपास करायचा नाही, साखर एकदम घसरून माणूस पडतो. उपासाच्या दिवशी डोस काय, हे आधी लिहून घ्या. तिच्या किर्तनकार बुवांनीच "औषध घेणाऱ्यानं दूध-फळं घ्यावीत" म्हटल्यावर माझं काम सोपं झालं. माझं ऐकलं नसतं.

शक्य असेल तर तिला कुणाबरोबर तरी जेवू द्या. शेजारच्या काकी आता दुपारची भाकरी घेऊन आमच्या सोप्यात येतात. एका भाकरीची दीड झाली ती तिथं.

आणि वजन खरंच जास्त असेल तर?

उपाशी ठेवू नका. अमेरिकेत २०११ मध्ये लठ्ठ वृद्धांवर झालेल्या वर्षभराच्या प्रयोगात नुसता आहार कमी केलेल्यांचं मांसाचं वजन ५ टक्के गेलं, सोबत व्यायाम केलेल्यांचं ३ टक्के, आणि हालचाल सगळ्यात सुधारली ती दोन्ही करणाऱ्यांची. गुडघे आणि शुगर यांसाठी थोडं उतरवायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू, उठाबशा आणि चालण्यासकट.

वजन उतरवायची खरी वेळ आपली आहे, पंचेचाळीस-पन्नाशीतल्यांची. मी ५१ चा, ८३ किलो. आईसाठी आणलेल्या काट्यावर मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा तीच म्हणाली, "तुझं हिकडं दे थोडं."

उठणं-बसणं

रोज दोन वेळा, खुर्चीवरून दहा उठाबशा, सुरुवातीला हात टेकवून. ओट्याला धरून टाचा उचलणं, दहा वेळा. तोल सांभाळायचा सराव आठवड्यातून तीनदा तरी, भिंतीजवळ एका पायावर. संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येणं, बोलत-बोलत. चप्पल मागून पट्टा असलेली, घसरडी नको. छातीत दुखलं, गरगरलं तर थांबायचं.

गेल्या संकष्टीला काट्यावर ५३.४ आलं, पाच उठाबशांना १४ सेकंद. जनावरं अकरा. बारावं सांगताना ती थांबली, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, "शेळी सांगितली का रं मगाशी?" सांगितली होती. तेही चौकोनात लिहून ठेवलंय.